श्रम आणि यश : एका सोयीच्या सिद्धांताचा समाचार

परीक्षांचे निकाल लागले की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. ज्ञातिसंस्था, वाचनालये, शिकवणीवर्ग, स्थानिक पुढारी, सगळेच शाल-श्रीफळ घेऊन सिद्ध असतात. व्यासपीठावर बसविलेल्या मुलास यशाचे रहस्य विचारण्यात येते आणि ते बापडे, शिकविल्याप्रमाणे, ‘परिश्रम’ असे उत्तर देते. मग अध्यक्षमहाराज उठतात आणि त्या एका शब्दाचा सिद्धांत करून टाकतात. श्रम करणाऱ्यास यश मिळतेच. ज्यास ते मिळाले नाही त्याचे श्रम कमी पडले, असा तो सिद्धांत. टाळ्या होतात. ज्यांच्या मुलाचे नाव यादीत नाही ते आईबापही त्या टाळ्यांत सामील होतात. कारण एवढ्या पवित्र वचनास विरोध करावा कसा, हे त्यांस सुचत नाही.

या पवित्र वचनाचाच आज आम्हांस समाचार घ्यावयाचा आहे. आरंभीच सांगितलेले बरे की, आम्ही आळसाचे वकीलपत्र घेतलेले नाही. श्रमावाचून काही टिकाऊ घडते, असे आम्ही मानीत नाही. आमचा वाद श्रमाशी नसून त्यामागे चिकटविलेल्या ‘केवळ’ या शब्दाशी आहे. तर्कशास्त्राचा पहिला धडा गिरविलेला विद्यार्थीही जाणतो की, आवश्यक कारण निराळे आणि पुरेसे कारण निराळे. पिकास बियाणे आवश्यक आहे. परंतु नुसते बियाणे म्हणजे पीक नव्हे. यशास श्रम हवेतच. पण श्रम केले म्हणजे यश येतेच, हे विधान पहिल्यापासून निघत नाही. त्याहून वाईट गोष्ट ही की, त्याच विधानाची उलटी बाजू आपण बेधडक वापरतो : यश आले नाही, त्याअर्थी श्रम केले नसतील. पहिले विधान केवळ चुकीचे आहे. दुसरे अन्यायाचे आहे.

आपले पक्षकार येथे लगेच पूर्वजांची साक्ष काढतात. वाळू रगडून तेल काढण्याचा दृष्टांत प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगविलेला असतो. तो मुळात भर्तृहरीच्या नीतिशतकातला आणि वामन पंडितांनी मराठीत आणलेला. परंतु भिंत रंगविणाऱ्याने तो श्लोक शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. भर्तृहरीस प्रयत्नाची महती गावयाची नव्हतीच. वाळूतून तेल निघण्यासारखी अशक्य गोष्टही एक वेळ घडेल, पण हट्टी मूर्खाचे समाधान करता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणजे अशक्यतेचे उदाहरण म्हणून जे दिले गेले, तेच आपण शक्यतेचे प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर टांगले! गीतेचीही तीच गत. कर्मयोगाच्या नावाखाली जिचा या कामी सर्वांत अधिक उपयोग करण्यात येतो, ती गीता अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची कारणे पाच सांगते : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. जागा, करणारा, साधने, खटपट आणि शेवटी जे आपल्या हाती नाही ते. श्रम ही त्यांतील एक, चौथी बाब. एवढ्यावर न थांबता गीता पुढे असेही म्हणते की, हे असे असता जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्यास काही दिसत नाही. ‘केवळ’ हा शब्द, सरळ वाचता, तेथे दोष म्हणून आलेला आहे. आपण त्याचे ब्रीद केले.

मग हे ब्रीद आले कोठून? ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण आपली खरी. पण तीत परमेश्वर आहे, आणि तो केव्हा भेटेल याची मुदत घातलेली नाही. श्रम आणि सांपत्तिक भरभराट यांचा व्यापारी करार आपल्या सुशिक्षितांनी उचलला तो मुख्यतः इंग्रजी विद्येबरोबर. सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक १८५९ साली निघाले. कष्टाने वर आलेल्या कारागिरांच्या आणि संशोधकांच्या चरित्रकथांनी ते भरलेले आहे, आणि त्या कथा वाचनीयही आहेत. परंतु ज्या इंग्लंडात ते निघाले, तेथे गिरण्यांतून आणि खाणींतून तितकेच राबलेले लाखो जीव कोणत्याही चरित्रात न शिरता मेले. पुस्तकात जागा मिळाली ती वर आलेल्यांना.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. सिसेरोने ती दिली आहे आणि बेकनने आपल्या १६२० सालच्या ग्रंथात तिचा उपयोग केला आहे. देवाला नवस करून जे गलबत फुटल्यावरही वाचले, त्यांच्या तसबिरी एका देवळात टांगलेल्या होत्या. त्या एका नास्तिकास दाखवून कोणी विचारले, ‘आता तरी देवाची सत्ता मानतोस ना?’ त्याने उलट विचारले, ‘नवस करून जे बुडाले त्यांच्या तसबिरी कोठे आहेत?’ आपली यशोगाथांची सगळी पुस्तके, भाषणे आणि मुलाखती म्हणजे असलीच देवळे होत. ज्याने पहाटे चार वाजता उठून अभ्यास केला आणि जो अधिकारी झाला, त्याची मुलाखत छापून येते. चारच वाजता उठलेल्या आणि अधिकारी न झालेल्या माणसाकडे वार्ताहर जात नाही. मग पहाटे चारचा आणि यशाचा संबंध आपणांस सिद्ध झालेला वाटतो.

हा संबंध आकड्यांत तपासून पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेस दहा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस सुमारे ५ लाख ९२ हजार बसले. मुख्य परीक्षेस १४,६२४ पात्र ठरले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. आता कल्पना करा की, अध्यक्षमहाराजांचे भाषण ऐकून हे ५ लाख ९२ हजार तरुण पुढल्या वर्षी दुप्पट श्रम करू लागले. किती जण यशस्वी होतील? १,०१६. तिप्पट केले तर? १,०१६. जागा ठरलेल्या आहेत. श्रमाने त्या वाढत नाहीत. श्रमाने फार तर रांगेतील क्रम बदलतो, आणि एकाचा क्रम वर गेला की दुसऱ्याचा खाली येतो. अशा शर्यतीत एखाद्यास ‘श्रम कर, तू यशस्वी होशील’ असे सांगणे कदाचित खरे ठरेल; पण तेच वाक्य सभागृहातील सर्वांस सांगणे हे गणिताच्या दृष्टीने असत्य आहे. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिकांमधून, खानावळीचा डबा दोन वेळांस पुरवून, पंचविशी ओलांडलेली जी मुले दिवसचे दिवस बसलेली असतात, त्यांस कोणी आळशी म्हणावे? त्यांतील बहुतेकांस यश येणार नाही, हे त्यांच्या श्रमांनी नव्हे, जागांच्या संख्येने आधीच ठरविलेले आहे.

कोणी म्हणेल की, परीक्षा हे निव्वळ पोट भरण्याचे साधन; जेथे खऱ्या गुणांची कसोटी लागते, तेथे श्रमास न्याय मिळतो. तर कसोटीचेच उदाहरण घेऊ. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, मद्रासेस, त्यांनी तामिळनाडूचे दोन्ही डावांत मिळून अवघ्या ३४ धावांत १३ गडी बाद केले. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही तसेच डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांचे प्रथम श्रेणीतील बळी ७५०. या दोघांपैकी एकासही आयुष्यात एकसुद्धा कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. कारण काय? श्रम कमी पडले? की गुण? कारण एवढेच की, त्याच काळात त्याच प्रकारची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी हे संघात होते. बेदींची थोरवी निर्विवाद आहे. पण १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूरच्या कसोटीत बेदी बाहेर असतानाही, संघात निवडलेल्या गोयल यांस अंतिम अकरांत घेण्यात आले नाही. हे दोघे दहा वर्षे अलीकडे वा पलीकडे जन्मले असते, तर आज त्यांची नावे शाळकरी मुलांच्याही तोंडी असती. २०१७ साली नियामक मंडळाने दोघांस जीवनगौरव दिला. पण गौरव म्हणजे गेलेली संधी नव्हे. वीस वर्षे सकाळ-संध्याकाळ चेंडू टाकणाऱ्या त्या माणसांस ‘आणखी कष्ट करावयास हवे होते’ असे सांगण्याची छाती कोणत्या अध्यक्षास आहे?

श्रमास जागा लागते, तशीच पारख करणारी दृष्टीही लागते. श्रीनिवास रामानुजन यांचे चरित्र आपण मुलांस परिश्रमाचा आदर्श म्हणून वाचावयास देतो. ते उघड्या डोळ्यांनी वाचले तर निराळेच सांगते. कुंभकोणच्या महाविद्यालयात त्यांची शिष्यवृत्ती गेली, कारण गणिताखेरीज अन्य विषयांत ते नापास झाले. पुढे मद्रासेतही तीच कथा. १९१२ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाले. आपले शोध त्यांनी इंग्लंडातील नामांकित गणितज्ञांकडे पाठविले. हार्डी यांच्यापूर्वी ज्यांच्याकडे ते गेले त्यांनी दाद दिली नाही. १९१३ च्या जानेवारीत हार्डी यांस पत्र गेले आणि रामानुजन यांचे जीवन पालटले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आता विचारावेसे वाटते की, १९१२ साली त्यांच्या वह्यांत जे गणित होते, ते १९१३ साली अधिक श्रमाचे झाले होते काय? वह्या त्याच, माणूस तोच. बदलला तो वाचणारा. हार्डींनीही ते पत्र बाजूस ठेवले असते, तर त्या वह्या मद्रासेच्या एखाद्या पेटाऱ्यात वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्या असत्या. आणि आपल्या सिद्धांतानुसार, त्या कारकुनाने पुरेसे कष्ट केले नव्हते असेच ठरले असते.

अलीकडे या सिद्धांतास शास्त्राचा टिळा लावण्यात आला आहे. दहा हजार तास सराव केला की कोणत्याही विद्येत प्रावीण्य येते, हे वाक्य आता घरोघर ऐकू येते. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासात आहे, आणि त्याचा बोलबाला झाला तो माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकाने. मुळात तो आकडा उत्तम वादकांच्या सरावाची एक सरासरी होती. तो कोणताही जादूचा उंबरठा नव्हता, हे पुढे स्वतः एरिक्सन यांनीच बजावले. २०१४ साली मॅकनामारा प्रभृती संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक पडतो, त्यातील सरावामुळे पडणारा वाटा त्यांस बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के, मैदानी क्रीडांत १८ टक्के, शिक्षणात ४ टक्के आणि व्यवसायांत एक टक्क्याहूनही कमी आढळला. एरिक्सन यांनी या मोजणीतील सरावाच्या व्याख्येवर आक्षेप घेतला, आणि तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण उरलेले सगळे बाजूस ठेवले तरी, ‘केवळ’ या शब्दास आधार वाटेल असे काही त्या वादाच्या कोणत्याच बाजूस दिसत नाही.

येथवर आम्ही कीर्तीच्या आणि विद्येच्या क्षेत्रांतील दाखले दिले. परंतु ज्यांच्या श्रमांवर आपले ताट भरते, त्यांची कहाणी पाहिली म्हणजे हा सिद्धांत नुसता चुकीचा न वाटता क्रूर वाटू लागतो. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाचे घ्या. रोप टाकणे, लावणी, निंदणी, पाण्याच्या पाळ्या, काढणी, या प्रत्येक कामात त्याच्या घरातील बायामाणसांची पाठ वाकलेली असते. बरे, एखाद्या वर्षी पाऊसही साथ देतो आणि पीक हाती येते. श्रम येथे अपयशी झालेले नाहीत. ते पुरते सफल झालेले आहेत. लासलगावच्या बाजारसमितीत त्याची गाडी उभी राहते, आणि त्याच वेळी दिल्लीत एक अधिसूचना निघते. २०२३ च्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, आणि ती बंदी उठावयास २०२४ चा मे उजाडला. बंदीची बातमी येताच भाव कोसळले आणि संतापलेल्या शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. शहरी गिऱ्हाइकास कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली? ज्याने सर्वांत अधिक कष्ट केले त्याने. गीतेने ज्यास दैव म्हटले, त्याच्याखाली आता पुष्कळदा सहीशिक्का असतो. आणि सहीशिक्क्याचे दैव हे बदलता येण्यासारखे असते, हेच आपण ‘कष्ट कर’ म्हणून विसरत असतो.

कष्टांचीच स्पर्धा लावावयाची, तर पहिला मान ऊसतोड कामगारांस द्यावा लागेल. दिवाळीच्या सुमारास बीडकडील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांच्या प्रदेशांत निघतात. नवरा-बायको मिळून त्यांच्या हिशेबात एक ‘कोयता’. दोन माणसे राबतात आणि हत्यार एक मोजले जाते! पहाटे थंडीत फडात उतरावयाचे, ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची, आणि मजुरी टनावर. खाडा झाला तर दंड. २०१९ साली या भागातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण उघडकीस आले आणि शासनास चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतही काम बुडू नये, हे त्यामागील एक कारण पुढे आले. श्रमासाठी शरीराचा याहून अधिक मोठा त्याग कोणता? आणि या त्यागाच्या शेवटी काय मिळते? उचल फिटते वा फिटत नाही, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तोच कोयता. ‘उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी’ ही म्हण ज्याने रचली, त्याने हे घर पाहिलेले नसावे.

या ठिकाणी प्रतिपक्षी आपले अखेरचे आणि सर्वांत प्रबळ अस्त्र काढतो. तो म्हणतो, ‘डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर पाहा! त्यांहून प्रतिकूल परिस्थिती कोणाची होती? अठरा-अठरा तास अभ्यास करून ते वर आलेच ना?’ बाबासाहेबांच्या विद्याव्यासंगापुढे आमचे मस्तक नम्र आहे. पण त्यांचे चरित्र या सिद्धांताच्या बाजूने साक्ष देत नाही. ते त्याच्या विरुद्ध साक्ष देते. त्यांचे वडील सैन्यातील शाळेत शिक्षक होते, म्हणून घरात विद्येची आस होती. कृष्णाजी अर्जुन केळूसकरांसारख्या गुरुजनाने त्या मुलाचे गुण हेरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास ते पुन्हा लंडनला गेले, त्या काळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले. हे हात पुढे आले नसते तर तीच प्रतिभा आणि तेच परिश्रम कोठे अडकून पडले असते, हे सांगावयास नको. आणि उलट बाजूही पाहा. १९१७ साली कोलंबियाचे विद्याभूषित आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले आणि जात कळताच तेथून हाकलले गेले. त्या दिवशी त्यांचे कोणते श्रम कमी पडले होते? बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आयुष्यातून काढलेला निष्कर्ष तर याहून स्पष्ट आहे. ‘मी श्रम केले, तुम्हीही करा, म्हणजे झाले’ असे सांगून ते थांबले नाहीत. शाळा-महाविद्यालये काढणे, कायदे करणे, राखीव जागांची तरतूद करणे, यांत त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. केवळ श्रमाने भागते अशी त्यांची समजूत असती, तर या खटपटीचे त्यांस प्रयोजनच नव्हते. त्यांच्या नावाने त्यांच्याच कार्याचा पाडाव करणे, यास अज्ञान म्हणावे की लबाडी, हे वाचकांनी ठरवावे.

एवढा तोकडा सिद्धांत टिकून का राहतो, याचे उत्तर तो कोणाच्या सोयीचा आहे हे पाहिले म्हणजे मिळते. तो पहिल्याने यशस्वी माणसाच्या सोयीचा आहे. वाडवडिलांचे घर, इंग्रजी बोलणारी आई, शिकवणीची फी, ओळखीचा डॉक्टर, शहरातला पत्ता, या सगळ्यांवर पांघरूण घालून ‘मी माझ्या कष्टाने’ हे सहा अक्षरी समाधान त्यास मिळते. दुसऱ्याने तो समाजाच्या आणि सरकारच्या सोयीचा आहे. अपयशाचे खापर अपयशी माणसाच्या आळसावर फुटले की, जागा का वाढल्या नाहीत, भाव का पडले, शाळेत शिक्षक का नाही, हे प्रश्न विचारावयास कोणी उरत नाही. १९५८ साली मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने गुणवत्तेच्या राज्यावर एक उपहासात्मक पुस्तक लिहिले. अशा राज्यात जिंकणाऱ्यास आपण या सुखास पात्रच होतो असा ताठा चढतो आणि हरणाऱ्यास स्वतःस दोष देण्यापलीकडे आधार उरत नाही, असा त्यातील इशारा होता. त्याने ज्याची थट्टा केली, ते आज आपण ध्येय म्हणून कवटाळले आहे.

आणि या सोयीची किंमत कोण देतो? महाविद्यालयात शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांस ते चेहरे परिचयाचे आहेत. चार वेळा परीक्षा देऊन गावी परत जाण्याची लाज वाटणारा मुलगा. शेत विकून फी भरलेल्या बापासमोर मान वर न करणारी मुलगी. त्यांस अपयशाचे दुःख होते, हे स्वाभाविक आहे. परंतु अपयशाबरोबर त्यांच्या माथी जो अपराध मारण्यात येतो, तो स्वाभाविक नाही. तो आपण शिकविलेला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. प्रत्येकामागील कारण निरनिराळे असेल; सर्वांचा दोष एका वाक्यावर टाकण्याइतके आम्ही उतावीळ नाही. तथापि, ज्या मुलास लहानपणापासून ‘यश हे श्रमाचेच फळ’ असे शिकविले, त्यास निकालाच्या दिवशी ‘आपण नालायक आहोत’ याखेरीज दुसरा निष्कर्ष काढण्याची वाट आपण ठेवली नाही, एवढे तरी कबूल करावयास हवे.

‘पण तुम्ही असे लिहिलेत तर मुले अभ्यास सोडतील!’ अशी भीती काही पालकांस वाटेल. ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु ती खरी ठरेल असेही मानीत नाही. शेतकऱ्यास पाऊस आपल्या हाती नाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून त्याने पेरणी सोडली काय? उलट, पाऊस हाती नाही हे जाणणारा शेतकरीच विहीर खणतो, बियाणे राखून ठेवतो आणि एका वावरात सगळा संसार लावीत नाही. खोट्या आश्वासनावर उभा राहिलेला उद्योग पहिल्या आघातासरशी कोसळतो. खरी परिस्थिती जाणून केलेला उद्योग आघातानंतरही उभा राहतो. शिवाय श्रमाचे मोल फळावरच ठरवावयाचे, तर निष्फळ ठरलेले सगळे श्रम कवडीमोल होतात. शिवलकरांच्या ज्या चेंडूंस कसोटीची खेळपट्टी लाभली नाही, ते चेंडू वाया गेले काय? विद्येतील आणि कौशल्यातील आनंद, हातून नीट झालेल्या कामाचे समाधान, हे श्रमाचे स्वतःचे देणे आहे, आणि ते कोणाच्या यादीत नाव येण्यावर अवलंबून नाही. खरे पाहता ‘केवळ श्रमाने यश’ म्हणणारे श्रमाचा गौरव करीत नसून त्यास यशाच्या दारात भाड्याने उभे करतात.

मग मुलांस सांगावे काय? आमच्या मते दोन गोष्टी, आणि दोन्ही एकाच श्वासात. पहिली ही की, मन लावून काम करणे हे तुझे कर्तव्य आहे. त्यात कुचराई झाली तर आम्ही तुला जाब विचारू. दुसरी ही की, त्या कामास योग्य फळ मिळावे अशी व्यवस्था करणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि त्यात कुचराई झाली तर तू आम्हांस जाब विचार. परीक्षेच्या वयोमर्यादेपर्यंत तरुणांस झुलवीत न ठेवता दुसरे सन्मानाचे मार्ग वेळीच उघडणे, शेतकऱ्यास हंगामाच्या मध्यावर धोरण बदलून न फसविणे, कोयत्यामागील दोन माणसे दोनच मोजणे आणि त्यांच्या मुलांची शाळा स्थलांतरात न तुटू देणे, ही कामे कोणा एकाच्या पहाटे चारच्या उठण्याने व्हावयाची नाहीत. ती सर्वांनी मिळून करावयाची आहेत, आणि त्यांसही श्रमच लागणार आहेत. परंतु ते श्रम आपल्या वाट्याचे आहेत हे ध्यानात आले की, दुसऱ्यास परिश्रमाचा उपदेश करणे पुष्कळांस एकाएकी अवघड वाटू लागेल. तसे झाले तर या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.